मीटिऑरच्या नोंदी : दहीहंडी ते कुंभार्ली

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

काल दहीहंडी झाली, आज गल्ली अजून झोपलेलीच होती, म्हणलं सकाळीच टेस्ट राइड उरकून यावी. शोरूमच्या पोराने रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५० बाहेर काढली, मी बसलो आणि दोन्ही तळपाय सपाट जमिनीवर. सीटची उंची ७६५ मिमी हे दहा वेळा वाचलेलं होतं, पण माझ्यासारख्या पाच फूट सहा इंचवाल्याला त्याचा अर्थ सिग्नलला पाय टेकल्यावरच कळतो. साताऱ्याच्या पोवई नाक्याकडून एक चक्कर मारली. वजन १९१ किलो आहे पण चालत्या गाडीत ते कुठं जातं कळत नाही, उभ्या गाडीत मात्र सगळं परत येतं.

पाय पुढं टाकून बसायच्या असल्या क्रूझर गाड्यांचं हे खूळ जुनं आहे. २००१ ला बजाजने कावासाकीबरोबर एलिमिनेटर आणली तेव्हा मी डिप्लोमाला होतो, तिचा फोटो जर्नलच्या शेवटच्या पानाला चिकटवलेला. पुढं २००५ ला अ‍ॅव्हेंजर आली, रूमपार्टनरच्या भावाने घेतली आणि आम्ही रात्री कर्वेनगरात आळीपाळीने ती फिरवायचो, लांब हँडल, पाय पुढं, वेग चाळीसचा. मग नोकरी, लग्न, घराचे हप्ते, आणि २००९ ची स्प्लेंडर. ती आजही पहिल्या किकला चालू होते त्यामुळे तिला काढायचं कारणही देता येत नाही. आईला म्हणलं नवीन गाडी घ्यायची आहे, तर आई म्हणाली, "हिला काय झालंय?" यावर आजवर कुणाला उत्तर सुचलेलं नाही.

बाकी पर्याय बघून झालेत. सुपर मीटिऑर ६५० देखणी आहे पण २४१ किलो, आमच्या गेटचा उतार बघता ती मागं ढकलायला गल्लीतली चार पोरं रोज बोलवायला लागतील. हार्लेची एक्स ४४० पण बघितली, बजेटच्या बाहेर. जाऊ दे.

४ सप्टेंबर

काल रात्री जीएसटी कौन्सिलची बातमी आली आणि आज आमच्या कारखान्यातल्या टूलरूममध्ये कामापेक्षा तोच विषय. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर २८ टक्के होता तो १८ होणार, २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमका घटस्थापनेपासून. ३५० च्या वर मात्र उलटं, २८ अधिक ३ टक्के सेस असे ३१ होते ते थेट ४०. मीटिऑरचं इंजिन ३४९ सीसी. एका सीसीने वाचलो. आमच्यातला एकजण ४४० च्या मागे होता, तो आज डबा एकटाच खात होता.

हिशोब साधा आहे, करासकट १२८ ला पडणारी वस्तू ११८ ला पडणार, म्हणजे किमतीत पावणेआठ टक्क्यांच्या आसपास फरक. दोन-सव्वादोन लाखाच्या गाडीवर पंधरा-सतरा हजार होतात, तेवढ्यात लेगगार्ड, टेकणी, हेल्मेट सगळं निघतं. आणि आजच, बरोबर आजच, शोरूममधून फोन, "सर जुना स्टॉक आहे, स्पेशल डिस्काउंट देतो, गणपतीत घेऊन टाका." मी म्हणलं बाप्पा जाऊ देत, मग बघू.

१७ सप्टेंबर

थांबलो ते बरं झालं. कंपनीने नवीन वर्षाची मीटिऑर जाहीर केली. इंजिन तेच, २०.२ बीएचपी आणि २७ न्यूटन मीटर, पण क्लच आता स्लिप-असिस्ट, म्हणजे दाबायला हलका, एलईडी हेडलाइट खालच्या मॉडेललाही, चार्जिंगला टाइप-सी. यात क्लचचं महत्त्व कागदावर बघून कळत नाही, पण डाव्या हाताच्या अंगठ्याजवळची शीर ज्याची रोज राजवाड्याच्या ट्रॅफिकमध्ये दुखते त्याला विचारा.

मॉडेल चार. फायरबॉल, स्टेलर, ऑरोरा, सुपरनोव्हा. ऑरोराचे स्पोक दिसायला जबरदस्त पण आत ट्यूब, ठोसेघरच्या रस्त्याला संध्याकाळी पंक्चर झालं की चाक खोलत बसा. सुपरनोव्हाला पुढं काच येते पण पैसे वाढतात. स्टेलरला मागं टेकणी कंपनीकडूनच येते. मी फायरबॉल ठरवली, ग्रे रंगाची, सगळ्यात स्वस्त, म्हणलं वाचलेल्या पैशात आपल्या मनासारखं बसवू. बायको फोनवर फोटो बघत होती, तिने एकच विचारलं, "मागं टेकायला काय आहे हिला?" मी म्हणलं नंतर बसवू की. हे वाक्य पुढं महागात पडणार आहे असं आत्ताच वाटतंय म्हणून लिहून ठेवतो.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

बुकिंग केलं. कोटेशनवर अर्धा तास घासाघीस. एक्स-शोरूम किमतीबद्दल बोलायचं काही नसतं, रोड टॅक्स आपल्याकडे या सीसीला १२ टक्के, तोही ठरलेला, इन्शुरन्सचा थर्ड पार्टी भाग पाच वर्षांचा घ्यावाच लागतो. घोळ त्याच्या खालच्या ओळींत. एक ओळ "हँडलिंग", एक ओळ "अ‍ॅक्सेसरी किट" नऊ हजार आठशे. किटमध्ये काय, तर सीट कव्हर, टाकीचं कव्हर, पायाखालची रबरं आणि एक कीचेन. मी म्हणलं हे कंपल्सरी आहे असं लिहून द्या. लिहून कोण देतंय. दोन्ही ओळी गेल्या, पोराचं तोंड उतरलं, त्याला बिचाऱ्याला टार्गेट असणार, पण माझेही पैसे पीएफमधून काढलेले आहेत. सगळं धरून अडीच लाखाच्या थोडं आत बसलं.

२ ऑक्टोबर, दसरा

गाडी आज मिळाली आणि मिळाली नाही. सगळ्या साताऱ्याला आजच गाडी हवी, आणि आमच्या गाडीचा नंबर काही आला नाही, नंबर प्लेट लागल्याशिवाय बाहेर काढणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मग पूजा शोरूममध्येच. आईने झेंडूचा हार घातला, हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, मी अर्धा फूट पुढं नेऊन लिंबू फोडलं, आजूबाजूला आणखी वीस गाड्यांची हीच पूजा चालू, फरशी लिंबाच्या रसाने निसरडी झालेली. शोरूमच्या पोरांना कंदी पेढे वाटले. आणि मग नवीन गाडी तिथंच ठेवून आम्ही तिघं दोन फेऱ्यांत स्प्लेंडरवर घरी. आई वाटेत म्हणाली, "हीच बरी, घरी तरी आणती."

८ ऑक्टोबर, ६ किमी

नंबर आला. घरी आली. संध्याकाळी टॉर्च लावून गाडीभोवती बसलो, हा माझा व्यवसायाचा दोष, नवीन मशीन आलं की आधी सगळे नट बघायचे. टायरची हवा भलतीच जास्त होती, बहुतेक ट्रकमधून येताना भरतात ती तशीच ठेवलेली, मॅन्युअलच्या आकड्यावर आणली. क्लचचा लिव्हर माझ्या मनगटाला वर वाटत होता, दोन बोल्ट सैल करून थोडा खाली फिरवला. खर्च शून्य.

१२ ऑक्टोबर, रविवार, ९४ किमी

सज्जनगडाच्या पायथ्यापर्यंत आणि तिथून ठोसेघर. पाऊस गेलेला पण सगळीकडे हिरवं, परळीजवळ उरमोडीचं पाणी काठोकाठ. साठ-पासष्टच्या वर नेली नाही, पहिल्या सर्व्हिसपर्यंत इंजिन तापवायचं नाही असं ठरवलंय, आणि खरं सांगतो, नेण्याची इच्छाही होत नाही. चौथ्या गिअरला पंचेचाळीसवर चढ चढते, तो एक ठोका असतो ना लांब-लांब पडणारा, तो ऐकत जायचं.

पण एक गोष्ट. येताना कमरेत, उजवीकडे खाली, बारीक कळ. बसण्याची पद्धत वेगळी आहे, पाय पुढं असल्यामुळे सगळा भार माकडहाडावर येतो, स्प्लेंडरवर पायावर थोडं उठता येतं तसं खड्ड्याला इथं उठता येत नाही. चव्वेचाळीस वय झालंय हेही खरं. मीच ठरवलेली गाडी, आता दोष देणार कुणाला.

१९ ऑक्टोबर

यादी केली. वहीच्या पानावर डावीकडे वस्तू, उजवीकडे अंदाजे पैसे, आणि बघता बघता पान भरलं, म्हणजे लेगगार्ड, इंजिनखालची प्लेट, पुढची काच, फॉगलाइटची जोडी आणि त्याचा रिले-वायरिंग सेट, मोठा हॉर्न, मागची टेकणी, साइड बॅगा आणि त्यांचे स्टे, फोन होल्डर, हँडलच्या टोकाचे आरसे, रुंद बुडाची टूरिंग सीट, आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात सायलेन्सर. बेरीज चाळीस हजारांच्या वर गेली. वही बंद केली.

सायलेन्सर लगेच खोडला. पुण्यात पोलिस मॉडिफाय केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवतात ते व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत, आणि समजा नाही पकडलं तरी आमच्या गल्लीत रात्रपाळीवरून येणारा मी एकटाच, दुसऱ्या दिवशी कुणाचं ऐकून घेऊ. फॉगलाइट वॉरंटीमुळे पुढं ढकलले. वायर कापून जोड दिलेला दिसला की इलेक्ट्रिकलचा कुठलाही प्रॉब्लेम आपल्याच गळ्यात येतो. बॅटरीवरून थेट रिले घेऊन, फ्यूज टाकून, मूळ वायरिंगला हात न लावता करता येतं, ते मला येतंही, पण मी रात्री घाटात किती वेळा जातो? वर्षातून दोनदा. मग थांबू दे.

२२ ऑक्टोबर, पाडवा, २६८ किमी

लेगगार्ड बसवला. ऑनलाइन मागवलेला, दोन हजार चारशेचा, कुठला ते सांगत नाही कारण पुढचं वाचलं की कळेल. खोक्यात पाइप ठीक होता, पावडर कोटिंग बरं होतं, पण खालचा क्लॅम्प गाडीच्या फ्रेमच्या पाइपवर खुळखुळत होता. व्हर्नियर लावला. क्लॅम्पचा आतला व्यास पाइपापेक्षा १.८ मिमीने मोठा. त्यांनी सोबत दिलेलं सोल्यूशन म्हणजे सायकलच्या ट्यूबचा तुकडा, तो गुंडाळून आवळा म्हणे. रबरावर आवळलेला बोल्ट सहा महिन्यांत सैल होणारच, सैल झाला की लेगगार्ड फिरणार, आणि पडल्यावर तो आत वळून पायालाच लागणार, म्हणजे ज्यासाठी बसवला त्याच्या उलट.

पाडव्याची ओवाळणी झाली, जेवण झालं, आणि मी शेडमध्ये. ०.९ मिमीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी माझ्याकडे होती, ती पाइपच्या मापाच्या दांड्यावर लाकडी हातोडीने ठोकून अर्धगोल केली, अशा दोन, दोन्ही बाजूंना बसवल्या की १.८ भरून निघतात. आतून पातळ टेप लावली म्हणजे फ्रेमचा रंग जाणार नाही. त्यांचे साधे नट टाकून दिले, नायलॉक, म्हणजे सहजी सैल न होणारे, घातले, वरच्या बोल्टला निळं लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद. मग आवळताना एक बाजू पूर्ण, मग दुसरी, असं करायचं नाही, चारही बोल्ट हाताने आधी, मग क्रॉसमध्ये थोडं थोडं, नाहीतर पाइपात ताण राहतो आणि वरच्या ब्रॅकेटला तडा जातो. शेवटी हँडल पकडून गाडी हलवली, लेगगार्ड आणि गाडी एकत्र हलली. भाचा आला होता भाऊबीजेसाठी आदल्या दिवशीच, तो बघत होता, म्हणाला, "मामा, शोरूमला दहा मिनिटांत लावतात." म्हणलं, लावतात.

२ नोव्हेंबर, ५१२ किमी

पहिली सर्व्हिस, पाचशे किमी किंवा पंचेचाळीस दिवस, यात जे आधी येईल ते. लेबर फुकट, ऑइल-फिल्टरचे पैसे. काढलेलं ऑइल मुद्दाम बघायला मागितलं, चमकी दिसते थोडी, नवीन इंजिनात तेवढी असतेच. पहिल्या टाकीचं अ‍ॅव्हरेज फुल-टू-फुल ३३.६ आलं. स्प्लेंडर साठच्या वर देते, ही तुलना आईने लगेच केली.

सर्व्हिसवाल्याला मागचा शॉकॉप्सर (स्प्रिंग कडक-मऊ करायच्या) कितव्या खाचेवर आहे विचारलं तर म्हणाला, "कंपनी सेटिंगला आहे साहेब, चांगलंय." कितव्या? "चांगलंय."

१६ नोव्हेंबर, रविवार, ७८१ किमी

ही नोंद लांबणार.

बायकोला घेऊन पहिल्यांदा लांब. सातारा, मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर, येताना पाचगणी, पसरणी घाट, वाई, हायवे. थंडी सुरू झालेली, केळघरच्या आधी शेकोट्या, छान चाललं होतं. मेढ्याला चहा घेताना ती काही बोलली नाही. केळघर घाटात माझ्या जॅकेटची पाठ दोन्ही मुठींनी धरलेली जाणवली. महाबळेश्वरला उतरली आणि म्हणाली, "अहो, मी चढाला मागं घसरते आणि तुम्ही गिअर टाकला की आणखी घसरते. मागं काहीच नाहीये." मी म्हणलं ग्रॅब रेल आहे की. "ती माझ्या बुडाच्या मागं आहे, हात मागं करून घाट चढू का तुमचा?"

येताना पसरणीत उतार, तेव्हा उलटं, ती पूर्ण माझ्यावर, आणि माझी मनगटं हँडलवर. वाईला गणपतीच्या घाटावर बसलो दोघं पाय सोडून, कुणी कुणाशी बोलेना. मग तिनेच विचारलं त्या दुसऱ्या मॉडेलला टेकणी होती ना, किती जास्त होते त्याचे? मी आकडा सांगितला. ती नदीकडे बघत म्हणाली, "बरं."

घरी आल्यावर वही काढली. काच, हॉर्न, आरसे, फोन होल्डर, सगळ्यांवर काट मारली, मिटवली नाही, फक्त काट. वर मोठ्या अक्षरात लिहिलं : १) टेकणी २) शॉकॉप्सर ३) हँडल.

२३ नोव्हेंबर

सगळ्यात आधी फुकटची कामं. हँडलचा क्लॅम्प सैल करून हँडल माझ्याकडे फिरवलं, फार नाही, टोकाला मोजलं तर २२ मिमी जवळ आलं. लगेच फरक, खांदे खाली पडले, पाठ ताठ करून बसता येतंय. आधी हात लांब करायला पुढं वाकत होतो आणि त्याचीच कळ कमरेत जात होती. एवढं फिरवताना केबली आणि ब्रेकचा पाइप दोन्ही टोकाला हँडल वळवून बघायचा, कुठं ताणतो का, टाकीला घासतो का, आणि इंजिन चालू ठेवून पूर्ण वळवायचं, आरपीएम वाढला तर केबल ताणली गेलीय. नाही वाढला.

मग शॉकॉप्सर. सहा खाचा आहेत, माझा तिसऱ्यावर निघाला. मागच्या मडगार्डवर चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि चाकाच्या अ‍ॅक्सलपासून तिथपर्यंत टेपने मोजलं, आधी रिकामी, मग मी बसून, मग आम्ही दोघं बसून. मोजायला शेजारच्या नववीतल्या पोराला लावलं, त्याने वहीत मिमीऐवजी सेमी लिहिलं, ते परत केलं. एकट्याने बसलो की गाडी २३ मिमी खाली बसते, दोघांना ४३. पाचव्या खाचेवर दोघांना ३५. एकट्याला दुसऱ्या खाचेवर चांगली लागते. म्हणजे एकट्याने जाताना दोन, जोडीने जाताना पाच, टूलकिटमधल्या हुक पान्याने दोन मिनिटांचं काम, फक्त दोन्ही बाजूंना सारख्याच खाचा हव्यात, आणि सायलेन्सर गरम असताना करायला जाऊ नये. उजव्या हातावर पुरावा आहे.

३० नोव्हेंबर, ११२० किमी

टेकणी आली, यावेळी कंपनीचीच मागवली, पट्टीचं नाटक परत नको. बसवायला वीस मिनिटं. पण टेकणीची गादी बायकोच्या पाठीला फार वर लागत होती, बसल्या-बसल्या तिने सांगितलं, "कमरेला लागायला पाहिजे, खांद्याला नाही." मग स्प्लेंडरचं सीट ज्यांनी दोनदा शिवलंय त्या गादीवाल्या काकांकडे नेली. त्यांनी हिला गाडीवर बसवलं, पेन घेतला, रेक्झिनवरच खूण केली, आणि गादी उतरवून खालच्या बाजूला फोम वाढवला, वरचा तासला. "पोरांच्या गाड्यांना दिसायला करतो, हे बसायला केलंय," म्हणाले. साडेचारशे रुपये. संध्याकाळी यवतेश्वरचा घाट चढून पेढ्याच्या भैरोबापर्यंत जाऊन आलो, जॅकेट कुणी धरलं नाही.

७ डिसेंबर, १३१० किमी

पाडली.

कुणी बघितलं नाही असं लिहिणार होतो पण चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांचे फोटो काढायला आलेली पोरं होती, चांगली सात-आठ. रस्त्याच्या कडेला बारीक खडी, मी वळवायला घेतली, वेग पायी चालण्याएवढा, हँडल पूर्ण डावीकडे, आणि पुढचा ब्रेक दाबला. बास. अशा वेळी पुढचा ब्रेक लावायचा नाही हे पोराला शिकवताना मी शंभर वेळा सांगितलंय. डावा पाय टेकवला तर तो खडीवर सरकला आणि १९१ किलो निवांतपणे, अगदी म्हशीसारखी, आडवी झाली.

पाय लेगगार्डने वाचला. पाइपला खरचटलंय, क्लॅम्प एक मिमीही फिरलेला नाही, घरी येऊन खूण बघितली. क्लचच्या लिव्हरच्या टोकाचा गोळा घासला, इंडिकेटर वाचला. पोरं धावत आली आणि हँडलला धरून खेचायला लागली, त्यांना थांबवलं. आधी किल्ली बंद, गिअरमध्ये टाकली म्हणजे मागं-पुढं सरकत नाही, मग गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, एक हात हँडलच्या टोकाला, दुसरा मागच्या ग्रॅब रेलला, बुड सीटला टेकवायचं आणि पायाच्या जोरावर उलटं चालत उठायचं, कमरेने उचलायचं नाही. माझी पहिलीच वेळ, व्हिडिओत बघितलेलं. उठली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्या नसत्या वाजवल्या तर बरं झालं असतं.

१४ डिसेंबर

भाच्याची सुपरनोव्हा आज माझ्याकडे होती, ती घेऊन पुण्याच्या दिशेने खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत जाऊन आलो, फक्त काच बघायला. नव्वदला छातीवरचा वारा खरंच जातो. पण माझ्या उंचीला काचेची वरची कड बरोबर डोळ्यांच्या रेषेत येते, रस्ता एकतर काचेतून बघा नाहीतर मान वर करून, आणि हेल्मेटच्या वरच्या भागात वारा धडधडतो. काचेचे जे पाच-सहा हजार मांडले होते ते यादीतून पूर्ण खोडले, काट नाही, खोडले. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला मामा तुम्ही बुटके आहात. बहिणीचा मुलगा आहे म्हणून सोडलं.

२८ डिसेंबर, रविवार, १७८५ किमी

काल परतलो. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली, चिपळूण, गुहागर, एका बाजूने पावणेदोनशेच्या आसपास. शॉकॉप्सर पाचव्या खाचेवर, हवा जोडीच्या आकड्यावर, चेन आदल्या रात्री डबल स्टँडवर लावून साफ केली, ऑइल दिलं. बॅगा घेतलेल्या नाहीत अजून, एक सॅक टेकणीच्या मागे बंजी दोरीने, दुसरी टाकीवर कापडाची.

पाटणच्या पुढं रस्ता आहे तसा आहे, उसाच्या ट्रॉल्या दोन-दोन जोडलेल्या, त्यांच्या मागे धूळ खात वीसच्या वेगाने अर्धा तास. क्लच हलका असल्याचा खरा उपयोग इथं झाला. कुंभार्लीत धुकं होतं आणि फॉगलाइट नव्हते, एलईडीचा पांढरा उजेड धुक्यात परत डोळ्यावर येतो, डिपरवर ठेवून एका दुधाच्या टेम्पोच्या मागच्या लाल दिव्याला धरून पोफळीपर्यंत उतरलो. तेव्हा पिवळे फॉगलाइट परत यादीत आले. बाकी हेडलाइट सोडला तर घाटभर मला कशाचीच आठवण झाली नाही, ना कमरेची ना मनगटाची.

चिपळूणला थांबलो तेव्हा बायको खाली उतरली, हेल्मेट काढलं, आणि म्हणाली, "मी झोपले होते वाटतं मध्ये." कुठं? "ते धरण गेल्यावर." म्हणजे कोयनानगरच्या पुढं. आता मी टेकणीला पट्टा बसवायचा का या विचारात आहे, मागं बसलेला माणूस झोपला तर खरंच धोका आहे, आणि हेल्मेटमध्ये बोलायला इंटरकॉम घ्यावा म्हणजे जागं तरी ठेवता येईल. विचारलं तिला, इंटरकॉम घेऊ का?

"कशाला, शांत चाललंय की."

येताना व्याडेश्वराच्या देवळाबाहेरून ओल्या सुपाऱ्या घेतल्या आईसाठी, बंजीखाली पिशवी अडकवली, ती कुंभार्लीत फाटली. घरी पोचलो तेव्हा पिशवीत सात उरल्या होत्या. साइड बॅग, डावी, एकच पुरेल. जानेवारीचा पगार झाला की.